जावयाला शिवी कोण देणार

व्हॉलीबॉलमध्ये बॉल मारणाऱ्याचं नाव होतं. त्याला तो बॉल नेटजवळ उंच उचलून देणाऱ्याला लिफ्टर म्हणतात, आणि त्याचं काहीच होत नाही. बॉल जोरात बसला तर लोक म्हणतात, काय मारला! नाही बसला तर म्हणतात, कसला दिला! आमच्या वरच्या वाडीच्या संघात ही लिफ्टरची जागा गेली वीसेक वर्षं माझी होती.

ती मला कोणी मोठ्या विश्वासाने दिली असं नाही. आधीचा लिफ्टर नोकरीला मुंबईला गेला त्या दिवशी मी नेटपाशी उभा होतो, आणि तिथेच राहिलो. एरवी माझी भाताची गिरण आहे. देवळात आमच्या घराला मान नाही, खाडीत होडी नाही, आंब्याची थोडी कलमं आहेत ती माकडांची आहेत असं धरून चालतो. वाडीत एखादी गोष्ट ठरवायची असेल तर मला विचारत नाहीत, ठरली की कळवतात. पण भातकापणी झाली, मळा सुकला, दोन वासे पुरून नेट बांधलं आणि माझ्याच गिरणीतल्या तुसाने कोर्टाच्या रेघा मारल्या, की पुढचे दोन महिने माझ्यावाचून खेळ सुरू होत नसे. मला यायला उशीर झाला तर सहा फुटी माणसं बांधावर बसून वाट बघत. एवढंच माझं वैभव. ते मला पुरत होतं.

या वैभवाबरोबर शिव्या येत. आमचा कप्तान होडीवाला आहे. त्याचा आवाज समुद्रावर कमावलेला, इंजिन चालू असताना दुसऱ्या होडीला ऐकू जाईल असा. बॉल तोच मारतो, आणि तो चुकला की दोष माझा, हे ठरलेलं. उंच दिला तर उंच का दिला, खाली दिला तर खाली का दिला, आणि बरोब्बर दिला तर आधी का नाही दिला. माझी आई घरातून सगळं ऐकायची. "खेळतंस तां खेळ, पण येवड्यो गाळी खावन कित्याक खेळतंस?" असं ती दरवर्षी विचारायची. मी म्हणायचो, खेळाची आवड आहे. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

आता नियम सांगतो, कारण सगळं त्या नियमामुळे झालं. आमच्या गावातल्या वाड्यांची दरवर्षी स्पर्धा होते. तिच्यात भाड्याचे खेळाडू चालत नाहीत. खेळणारा वाडीचा पाहिजे. अपवाद एकच, जावई. वाडीच्या मुलीशी ज्याचं लग्न झालं तो वाडीचा धरतात. जावई खरा की कागदावरचा यावर भांडण होऊ नये म्हणून त्यालाही एक पोटनियम आहे: समोरच्या वाडीचा निदान एक माणूस त्या लग्नात जेवलेला असला पाहिजे. जेवला म्हणजे लग्न मान्य केलं.

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. ती नर्सिंगला कोल्हापुरात होती, तिथेच तिचं जमलं. फोंडाघाट चढून वर गेल्यावर कोल्हापूरच्या वाटेवर त्यांचं गाव. माणूस उंच, कमी बोलणारा, ऊसवाल्या घरातला. व्हॉलीबॉल खेळतात असं तिने सांगितलं होतं. आम्ही म्हटलं, खेळत असतील. खालच्या वाडीचा कप्तान लग्नात दोनदा पंगतीला बसला आणि निघताना पान मागून घेऊन गेला.

मग दिवाळीनंतर कोणीतरी वाडीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. मोठं स्टेडियम, दिव्यांचा झगमगाट, आणि एक उंच लिफ्टर मारणाऱ्याकडे पाठ करून, त्याच्याकडे न बघता, बॉल मागे असा सोडतो की समोरचे तिघे चुकीच्या बाजूला उडतात. खाली लोकांनी टाळ्या आणि आगीची चित्रं टाकली होती. कप्तानाने तो व्हिडिओ माझ्या गिरणीच्या ओट्यावर बसून पाहिला. मग परत पाहिला. मग म्हणाला, "ह्यो तर आमचो जावय."

मीटिंगही माझ्याच ओट्यावर झाली, कारण चहा माझ्याकडे असतो. जावयाला संघात घ्यायचं का, एवढाच विषय.

"माणूस राज्याकडसून खेळलेलो आसा," कप्तान म्हणाला. "ह्या वर्सा कप आमचो."

"पण तो लिफ्टर. लिफ्टरची जागा रिकामी खंय आसा?" कोणीतरी विचारलं, आणि सगळे एकदम गिरणीच्या पट्ट्याकडे निरखून बघायला लागले. मी कपांत चहा ओतत होतो.

वाडीतले सगळ्यात वयस्कर आजोबा कोपऱ्यात बसले होते. त्यांना खेळातलं काही कळत नाही, पण मीटिंग चुकवत नाहीत. ते म्हणाले, "जावयाक कामाक लावतत काय रे? जावय जेवूक येता."

"जेवतलो मां," कप्तान म्हणाला. "खेळान जेवतलो."

ठरलं. मग एक अडचण निघाली. जावयाला आमंत्रण वाडी देऊ शकत नाही, संघ देऊ शकत नाही. ते बायकोच्या माहेरातूनच जावं लागतं, नाहीतर तो अपमान. कप्तान चहाच्या कपात बघत मला म्हणाला, "बोलावणा तुझ्या घरातसून जावक होया. तुझो भावजी मां तो."

"आणि मी?"

"तू आसंस मां. भायर बसान बघ. अनुभव आसा तुका."

मला वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, राग आला. माझ्या जागेवरून मला उठवायचं, ते माझ्याच ओट्यावर, माझा चहा पिऊन, आणि उठवण्याचं बोलावणंही मीच करायचं. दोन दिवस मी फोन केला नाही. गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की रेंज नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी आईला बातमी दिली. त्यातलं तिने एवढंच ऐकलं की लेक येणार, आणि घावण्यांसाठी तांदूळ काढायला घेतले. आता फोन न करणं शक्य नव्हतं.

बहीण लहानपणी कोर्टाच्या कडेला असायची. बॉल निवडुंगाच्या कुंपणात गेला की काढून आणायचं काम तिचं. त्यामुळे तिला खेळ कळतो, कप्तान कळतो आणि मीही कळतो.

"त्यांका बोलावतंस?" ती फोनवर म्हणाली. "मगे तू खंय खेळतलंस?"

"मी भायर बसान बघतलंय. अनुभव आसा म्हणतत माका."

ती म्हणाली, "आईक दी फोन."

बहीण आणि भावोजी आले. आईने पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. वाडीतल्या घराघरांतून ताटं झाकून आली, कोणाचं सुंगटांचं तिखलं, कोणाच्या खापरोळ्या. कप्तान स्वतः ताजी सुरमई घेऊन आला आणि दारात चपला काढून, हात जोडून उभा राहिला. त्याला हात जोडता येतात हे मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मळ्यात सराव. खरं ते सांगतो: तसा लिफ्टर मी आयुष्यात पाहिला नव्हता. बॉल त्यांच्या बोटांत येई आणि आवाज न करता निघून जाई. मी वीस वर्षं तेच काम केलं, पण ते काम असं दिसतं हे मला त्या दिवशी कळलं. बांधावर बसून मी अनुभवाने बघत होतो.

भावोजींनी कप्तानाला पहिला बॉल दिला. खाली, झपकन, नेटच्या अगदी कडेने. मोठ्या संघांत तसाच देतात. पण कप्तानाला माझ्या बॉलची सवय. माझा बॉल माडाएवढा उंच जातो. कप्तान तो बघतो, चड्डी वर ओढतो, चार पावलं पळतो आणि मग उडतो. तो पळायला लागेपर्यंत भावोजींचा बॉल पलीकडच्या वाशाजवळ जाऊन पडलाही होता.

आता शिवी येणार. कप्तानाने तोंड उघडलं, समोर कोण आहे ते पाहिलं, आणि हात शर्टाला पुसत म्हणाला, "बरो होतो, भावजी. मीच वायच उशिरा इलंय."

वीस वर्षांत त्याने "मीच" हा शब्द वापरला नव्हता.

भावोजींना वाटलं, बॉल आवडला. त्यांनी पुढचा तसाच दिला. "हो पण बरो होतो," कप्तान म्हणाला. असे सगळे बॉल बरे होत गेले आणि सगळे जमिनीवर पडत गेले. एक बॉल भावोजी आणि कप्तान यांच्या मधोमध आला. एरवी अशा वेळी कप्तान "सोड!" म्हणून ओरडतो आणि मध्ये असेल त्याला आडवा करतो. आता जावयाला सोड कसं म्हणणार? "घेवा, तुमी घेवा," कप्तान म्हणाला. "न्हाई न्हाई, तुमी घ्या," भावोजी म्हणाले. बॉल दोघांच्या मध्ये शांतपणे टेकला. सगळ्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं.

तरी आम्ही फायनलला गेलो. त्याचं कारण भावोजींची सर्व्हिस. तीच इतकी जबरदस्त होती की बॉल परत येतच नसे, म्हणून एकमेकांशी खेळायची वेळ आली नाही. पण फायनलला समोर खालची वाडी होती, आणि खालच्या वाडीला सर्व्हिस उचलता येते.

दुपार कलल्यावर सामना सुरू झाला. आधी आजोबांनी नेटपाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. दरवर्षी ते वाडीच्या पोरांना यश मागतात. या वेळी त्यांनी मागितलं की जावई पाहुणा होऊन आलेला आहे, त्याच्या हातापायाला काही होऊ देऊ नको, आल्या वाटेने त्याला सुखरूप घाट चढव. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. म्हणावं लागतं.

पहिला गेम आम्ही इतक्या सभ्यपणे हरलो की समोरच्यांनाही संकोच वाटला असावा. कोर्टात कोणी बोलत नव्हतं. बोललंच तर "चालात", "होता", "माझाच चुकला". माइकवर बोलायला शाळेतले एक मास्तर होते. त्यांनाही काही सुचेना. "वरच्या वाडीचा संघ अतिशय शिस्तीने खेळत आहे," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी खूश व्हायला हवं होतं. तुम्हीच आणलात ना, बघा आता, असं मनात म्हणायला हवं होतं. पण कप्तान दर वेळी शिवी गिळत होता आणि त्याचं ते गिळणं मला बांधावरून दिसत होतं. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून अजून राग आला.

गेम संपल्यावर बहीण पाण्याची कळशी घेऊन कोर्टात गेली. नवऱ्याच्या हातात तांब्या देऊन ती म्हणाली, "अहो, यांना तुमचे बॉल मारता येत नाहीत. एकही. यांना उंच लागतो."

"मग कोण बोललं का न्हाई?" भावोजींचा तांब्या तोंडापाशीच थांबला.

"तुम्हाला कोण बोलणार? जावई तुम्ही."

भावोजींनी कप्तानाकडे पाहिलं. कप्तान म्हणाला, "तसा काय नाय, भावजी, बॉल बरे आसत." भावोजी बांधाकडे वळले. "मेव्हणं, तुमी सांगा. खरं काय?"

मी काय सांगणार? बाकीच्यांचा तो वाडीचा जावई, माझ्या तर घरचा. "बॉल चांगले आहेत," मी म्हणालो.

"आयला," भावोजी म्हणाले. "मी हितं खेळाय आलोय का पंगतीला बसाय?"

मग ते कोर्टाच्या मधोमध, नेटखाली, मांडी घालून बसले. रेफ्रीने शिट्टी वाजवली. ते उठले नाहीत. पुन्हा वाजवली. ते म्हणाले, "मेव्हण्यास्नी आत घ्या. उचलायचं त्येंनी. त्याबिगार मी उठत न्हाई."

मळ्यात चलबिचल झाली. रेफ्रीला बसलेल्या खेळाडूबद्दल नियमात काही सापडेना. मास्तरांना मात्र शेवटी बोलायला काहीतरी मिळालं. "वरच्या वाडीचे जावई रुसलेले आहेत," त्यांनी माइकवरून जाहीर केलं. "प्रेक्षकांनी शांतता राखावी."

कप्तान गोंधळून आजोबांकडे बघायला लागला. आजोबा काठी टेकत बांधापर्यंत आले. आयुष्यात प्रथमच व्हॉलीबॉलमध्ये त्यांना कळेल असं काहीतरी घडलं होतं. "जावय रुसलो तर मागता तां देवचा लागता," ते म्हणाले. "वाद कित्याक घालतास?"

मागच्या फळीतला एक जण बाहेर आला. त्याला तंबाखू मळायचीच होती. मी शर्ट काढला, बहिणीकडे दिला आणि नेटपाशी जाऊन उभा राहिलो. भावोजी उठून पँट झटकत मागे गेले.

खालच्या वाडीची सर्व्हिस आली. भावोजींनी ती मागून अशी उचलली की बॉल माझ्या डोक्यावर अलगद आला. असा पास मला जन्मात मिळाला नव्हता. आणि मी तो बिघडवला. बॉल वाकडा गेला, नेटच्या पलीकडेच उतरला. कप्तान उडाला, हवेत हात मारला, खाली आला.

"रे मेल्या!" कप्तान गरजला. "डोळे गिरणीत ठेवन इलंस काय? खंय देतंस बॉल? माज्या आज्ज्याक देतंस?"

त्यापुढचं मी लिहीत नाही. चार दिवसांचं साठलेलं होतं, भावोजींच्या वाटचंही त्यात होतं, ते सगळं माझ्यावर आलं. मागून दुसऱ्याने एक घातली. तिसऱ्याने माझ्या गिरणीच्या तांदळातल्या खड्यांचा विषय काढला. बांधावरून आजोबांनीही एक घातली, त्यांचा खेळाशी काही संबंध नसताना. आणि मी तिथे उभा राहून हसत होतो. मला इतका आनंद झाला होता की माझे डोळे भरून आले. खेळाची आवड वगैरे सगळं खोटं होतं. मला हे पाहिजे होतं.

"मेल्या, हसतंस काय? उंच दी!"

मी उंच दिला. माडाएवढा. कप्तानाने चड्डी वर ओढली, चार पावलं पळाला आणि मारला. तो गेम आम्ही घेतला. तिसऱ्यात शेवटपर्यंत झुंजलो. शेवटचा बॉल रेघेवर पडला की बाहेर यावरून भांडण झालं, कारण वाऱ्याने तूस सरकलं होतं. निकाल खालच्या वाडीकडे गेला. तूस माझ्या गिरणीचं असल्यामुळे त्याही शिव्या मलाच बसल्या.

निघताना भावोजी गाडीत बसण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेव्हणं, एक इचारतो. किती वर्सांनी जावयाला हितं शिव्या मिळत्यात?"

मी विचार करून सांगितलं, "आमच्या आत्तेचे यजमान सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना अजून तुम्हीच म्हणतात."

ते जरा खिन्न झाले. बहिणीने खिडकीतून माझा शर्ट परत दिला. तो तिने धुतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान भाताचं पोतं खांद्यावर घेऊन गिरणीत आला. हरल्याचं दुःख त्याच्या तोंडावर होतंच. पोतं टाकलं, ओट्यावर बसला, चहा मागितला नाही. मी भात मापायला घेतलं. मापाकडे बघत तो म्हणाला, "फुडल्या वर्सा नेट लवकर बांधूया."

"बांधूया," मी म्हणालो. "भावजींका कधी बोलावू सांग."

"तेंका जेवूक बोलाव."

"आणि लिफ्टर? तो राज्याकडसून खेळलेलो आसा. माझ्यापरास बरो आसा. तू बघितलंस मां?"

"बरो आसा तर आसा," कप्तान चिडून म्हणाला. "जावयाक गाळी कोण घालतलो? बॉल चुकलो तर मी जावचा खंय?"

मी पट्टा चढवला आणि गिरण सुरू केली. गिरण चालू असली की माणसाने नाक ओढलेलं कोणाला ऐकू जात नाही.